पैसा सरकारचा, मशीन कुणाचं? टीडीएफ, आयडेक्स आणि मेक-१ यांचं उद्यमबागेच्या हिशेबाने परीक्षण

संरक्षण खात्याच्या संशोधन निधीचं नाव निघालं की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा या औद्योगिक पट्ट्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: खर्चाचे टक्के किती? टीडीएफ (डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचा विकास निधी) ९० पर्यंत देतं, मेक-१ मध्ये (सरकारी पैशाने लष्करी सामग्री विकसित करण्याची योजना) ७० पर्यंत मिळतात, आयडेक्स (संरक्षणातल्या नव्या कल्पनांना अनुदान देणारी योजना) निम्मा भार उचलतं. आकडे बरोबर आहेत. पण फौंड्री किंवा मशीन शॉप चालवणाऱ्याने आधी विचारायला हवा तो प्रश्न दुसराच. प्रकल्प संपला, शेवटचा हप्ता जमा झाला, डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे अधिकारी परत गेले. मग शेडमध्ये जे उरलं ते कुणाचं? या एका प्रश्नावर तिन्ही योजना घासून पाहिल्या, तर टक्क्यांनी लावलेला क्रम टिकत नाही.

उरतं काय काय, ते आधी मोजू. लष्करी वाहनाच्या हायड्रॉलिक पंपाचं हाउसिंग विकसित करायचं काम धरा, बेळगावच्या हाताला साजेसं. त्यात एक प्रेशर टेस्ट रिग लागते. पॅटर्न (ओतकामाचा साचा पाडायचा नमुना), कोअर बॉक्स, मशिनिंग फिक्श्चर (भाग यंत्रावर पकडून ठेवणारं साधन) आणि गेज बनतात. प्रोटोटाइपचे काही नग तयार होतात. ड्रॉइंग, मेथडिंग (धातू साच्यात कसा ओतायचा याची आखणी), हीट ट्रीटमेंटची सायकल, चाचण्यांचे रिपोर्ट असा कागद साठतो. पेटंट घेण्याजोगं काही निघालं तर त्याचा हक्क. शिवाय प्रयोगशाळेने फुकट दिलेला कच्चा माल आणि त्याची बर्री, म्हणजे मशिनिंगमध्ये निघालेला धातूचा भुसा. या प्रत्येकाची मालकी वेगळ्या कलमाने ठरते, आणि ही कलमं करारात एका जागी कधीच नसतात. काही मुख्य करारात, काही जोडपत्रात, काही मंजुरीपत्रात, आणि उरलेली सरकारी वित्त नियमांत, जी करारासोबत कुणी जोडूनही देत नाही.

टीडीएफ: पाचपैकी साडेतीन

डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड २०१६ पासून आहे. प्रकल्पाची कमाल मर्यादा आधी १० कोटी होती, २०२२ मध्ये ती ५० कोटी झाली. खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत निधी, तो अनुदान स्वरूपात आणि टप्प्याटप्प्याने. मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं. परदेशी गुंतवणूक ४९ टक्क्यांहून जास्त असेल तर दार बंद. कॉलेज किंवा संशोधन संस्था सोबत घेता येते, पण तिचा वाटा एकूण कामाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नये. भागीदारी किंवा प्रोप्रायटरशिपच्या जुन्या घरगुती कारखान्यालाही अर्ज करता येतो, ही यातली सगळ्यांत चांगली गोष्ट. आपल्याकडे निम्मी शेड्स तशीच आहेत.

बौद्धिक संपदा डीआरडीओ आणि विकासक यांच्या संयुक्त मालकीची राहते. ऐकायला निम्मं-निम्मं वाटतं, व्यवहारात तसं नसतं. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ५० इथे वाचावं लागतं. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतःपुरतं वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला देणं लागत नाही. पण लायसन्स द्यायचं किंवा आपला वाटा विकायचा, तर दुसऱ्याची संमती हवी. म्हणजे हाउसिंग तुम्ही स्वतः ओतून विकू शकता. कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीला रॉयल्टीवर द्यायचं म्हटलं की डीआरडीओची सही लागते. सहमालक खातं असल्यावर सहीला किती दिवस लागतात हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. लायसन्सवर पैसे मिळवायचा बेत असेल तर संमतीची मुदत करारातच घालून घ्या: अमुक दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती धरली जाईल. मान्य होईलच असं नाही, पण मागायची वेळ सहीपूर्वीचीच.

त्याच कायद्यातलं कलम ३९ परदेशात अर्ज करण्याबद्दल आहे. भारतात अर्ज केल्यावर ६ आठवडे थांबायचं किंवा आधी परवानगी घ्यायची. शोध संरक्षणाशी संबंधित असेल तर नियंत्रक केंद्र सरकारच्या संमतीशिवाय परवानगी देत नाही, आणि कलम ३५ खाली माहिती गुप्त ठेवण्याचा आदेशही निघू शकतो. निर्यातीची स्वप्नं पाहून टीडीएफमध्ये उतरणाऱ्यांनी हे दोन्ही आधी वाचावं.

फौंड्रीवाल्यांचं खरं नुकसान मात्र पेटंटमध्ये होत नाही, मेथडिंगमध्ये होतं. रायझर कुठे, गेट किती जाडीचं, चिल कुठे बसवली, ओतताना तापमान किती, हे ज्ञान त्या शेडचं असतं. प्रकल्पाच्या सुपूर्द करायच्या यादीत "प्रोसेस डॉक्युमेंट" अशी एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यात हे सगळं बसतं. एकदा दिलं की उत्पादनाची ऑर्डर दुसऱ्याच्या हाती त्याच कागदासकट जाऊ शकते. उपाय साधा आहे, पण सहीआधी करावा लागतो. स्वतःजवळ आधीपासून असलेल्या ज्ञानाची यादी जोडपत्र म्हणून लावायची. त्यात मिश्रधातूची घडण, मेथडिंगच्या ड्रॉइंगचे नंबर आणि तारखा, हीट ट्रीटमेंटची सायकल लिहायची. प्रत्यक्ष आकडे द्यायची गरज नाही, नंबर आणि तारीख पुरते. तारखेचा पुरावा म्हणून जुने पॅटर्न कार्ड किंवा हीट रजिस्टर (ओतणीची नोंदवही) चालतं. ड्रॉइंगच्या बाबतीतही सावध राहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सरकारच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सरकार असतं. प्रयोगशाळेच्या सांगण्यावरून काढलेलं फिक्श्चरचं ड्रॉइंगही त्यात ओढलं जाऊ शकतं.

दीड गुण कापला तो यंत्रसामग्रीच्या हिशेबासाठी. त्याची मांडणी खाली सविस्तर आहे, कारण ती टीडीएफपुरती नाही.

मेक-१ आणि आयडेक्स

मेक-१ लहान कारखान्याने थेट घ्यायची गोष्ट नाही. त्यात बहुधा मोठी कंपनी विकासक असते आणि आपण तिचे पुरवठादार. तरी कलम माहीत हवं, कारण ते खाली झिरपतं. मेकच्या कार्यपद्धतीत बौद्धिक संपदेची मालकी विकासकाकडे राहते. सरकार स्वतःच्या वापराचा हक्क राखतं, आणि सुरक्षेसारख्या कारणांसाठी मार्च-इनचा (मध्ये पडून ती संपदा दुसऱ्याला वापरायला देण्याचा) हक्कही राखतं. मालकीच्या बाजूने पाहिलं तर हे टीडीएफपेक्षा उदार आहे. गोची पुढे आहे. हा उदारपणा विकासकाला मिळतो, त्याच्या उपपुरवठादाराला नाही. मोठ्या कंपनीच्या परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बहुधा एकच ओळ असते: या कामातून निर्माण झालेलं सर्व काही खरेदीदाराचं. ती खोडता येते, पण ऑर्डर स्वीकारल्याचा मेल पाठवण्याआधी.

आयडेक्स एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालं. स्पार्क अनुदान दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटीपर्यंत, आणि २०२४ पासून अदिती योजनेत २५ कोटीपर्यंत. स्टार्टअप, एमएसएमई आणि व्यक्तिगत संशोधक पात्र. स्पार्कमध्ये तेवढाच वाटा स्वतःचा घालावा लागतो, म्हणून "दीड कोटी मिळाले" याचा अर्थ "दीड कोटी उभे करा" असाही आहे. सॉफ्टवेअर, ड्रोन, सेन्सर यांसाठी योजना चपखल बसते. ओतकाम आणि जड मशिनिंगला कमी, कारण आव्हानं बहुतांशी संपूर्ण प्रणालींची असतात, सुट्या भागांची नसतात. होनग्यातल्या कुणाकडे इलेक्ट्रॉनिक्सचा जोडीदार असेल तर विचार करावा. एकट्या फौंड्रीला चार गुण देण्याजोगी ही योजना नाही. अडीच ठीक.

लष्कराच्या डेपोंकडून येणारी छोटी विकासाची कामं या तिघांच्या बाहेर असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीत विकासाच्या टप्प्याला विलंबदंड लावायचा नाही अशी तरतूद आली आहे. पॅटर्नची दुसरी दुरुस्ती करताना घड्याळ बघावं लागत नाही, हा फरक लहान शेडला फार मोठा आहे.

व्हीएमसी अनुदानात घालू नका

२०१७ चे सामान्य वित्तीय नियम हा या विषयातला खरा दस्तऐवज. पूर्णपणे किंवा मुख्यतः सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या पूर्वसंमतीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि ज्या कामासाठी अनुदान मिळालं त्याव्यतिरिक्त वापरता येत नाही. तिची नोंद फॉर्म जीएफआर-२२ या स्थिर मालमत्तेच्या नोंदवहीत ठेवायची. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, ते जीएफआर १२-ए मध्ये द्यायचं. अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेलं व्याजही तुमचं नाही, ते सरकारजमा करायचं. म्हणून अनुदानासाठी पहिल्या दिवशी वेगळं खातं काढा. चालू कॅश क्रेडिट खात्यात पैसे आले की ते ओव्हरड्यू खाऊन टाकतं आणि मग व्याजाचा हिशेब कुणालाच लावता येत नाही.

करारात वेगळं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर हेच नियम आपल्याला लागू आहेत असं धरून चाला. आणि मग अर्जातली खर्चाची यादी बनवतानाच निर्णय घ्या.

नेहमीची चूक अशी: अनुदान मिळतंय तर चांगलं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशिनिंग यंत्र) घेऊन टाकू. पण व्हीएमसी हे तुमचं पोट भरणारं यंत्र. ट्रॅक्टरच्या भागांवर, पंपांच्या कामावर ते दिवसरात्र चालायला हवं. अनुदानातून घेतलं की त्याच्यावर दुसरं काम लावणं नियमात बसत नाही, विकता येत नाही, बँकेला दाखवता येत नाही. त्याउलट त्या एका हाउसिंगसाठी बनवलेली टेस्ट रिग प्रकल्पानंतर तशीही कुणाच्या कामाची नसते. ती सरकारच्या मालकीची झाली तरी आपलं काही अडत नाही. तेव्हा एका कामापुरतं यंत्र अनुदानात, सर्व कामांचं यंत्र स्वतःच्या पैशाने. स्वतःच्या यंत्राचा खर्च मशीन-अवर रेटने प्रकल्पात दाखवायचा. घसारा, वीज, ऑपरेटर, देखभाल, जागेचं भाडं मिळून दर तासाचा आकडा काढा आणि कॉस्ट अकाउंटंटचा दाखला जोडा. यंत्रावर आधी कुठली भांडवली सबसिडी घेतली असेल तर घसारा सबसिडी वजा जाता उरलेल्या किमतीवर धरा. किंमत समिती नेमकं तेच शोधते, आणि एकदा सापडलं की मग प्रत्येक आकडा संशयाने पाहिला जातो.

प्राप्तिकराचं गणितही याच बाजूने बोलतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४३(१) च्या दहाव्या स्पष्टीकरणाने नियम घालून दिला: यंत्राच्या किमतीतला जेवढा भाग सरकारी अनुदानातून आला, तेवढा घसाऱ्यासाठीच्या किमतीतून वजा. ४० लाखांच्या यंत्रात ३६ लाख अनुदान असेल तर घसारा ४ लाखांवर. १५ टक्के दराने पहिल्या वर्षी ६ लाखांऐवजी ६० हजार. मालकीच सरकारची असेल तर तेवढाही नाही. टक्केवारीच्या आनंदात हा फरक कुणी मोजत नाही.

बँक: इथेच गाडी रुतते

आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शेडवर कॅश क्रेडिट किंवा टर्म लोन असतं. नजरगहाण म्हणजे हायपोथिकेशनच्या करारात वाक्य ठरलेलं: कारखान्यात सध्या असलेली व पुढे येणारी सर्व यंत्रसामग्री, सर्व साठा. "पुढे येणारी" या दोन शब्दांत सरकारची टेस्ट रिगही बसते. इकडे अनुदानाची अट म्हणते गहाण टाकायचं नाही. दोन्ही कागदांवर सही त्याच मालकाची. म्हणजे यंत्र शेडमध्ये उतरवलं त्या क्षणी एका करारभंगाची तयारी झालेली असते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. कर्ज थकलं आणि सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँकेने शेडला कुलूप लावलं की आतली प्रत्येक वस्तू बँकेची धरली जाते. तेव्हा "हे सरकारचं आहे" सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर.

उपाय तीन कागदांचा आहे. पहिला, बँकेचं ना-हरकत पत्र, ज्यात अनुदानातल्या वस्तू नजरगहाणातून वगळल्याचं लिहिलेलं असेल. दुसरा, त्या वस्तूंची यादी: मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, शेडमधली जागा. कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे भरलेल्या सीएचजी-१ या तारण नोंदीच्या फॉर्ममधलं वर्णनही या यादीशी जुळायला हवं. तिसरा, विमा पॉलिसीत या वस्तूंची वेगळी नोंद आणि भरपाई कुणाला ते. बहुतेक पॉलिसींत बँकेचं नाव सरसकट लाभधारक म्हणून असतं. आगीत रिग जळाली तर सरकारी वस्तूची भरपाई तुमच्या कर्जखात्यात जमा होते. पत्र शाखेतून मिळत नाही, विभागीय कार्यालयात जातं. म्हणून अर्ज यंत्राची ऑर्डर देण्याआधी करायचा.

महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट हा दुसरा सापळा. प्रयोगशाळेने फुकट दिलेला, म्हणजे फ्री इश्यू, माल स्टोअरमध्ये पडलेला असतो, बरेचदा महागड्या मिश्रधातूचा. तो स्टेटमेंटमध्ये धरला की ड्रॉइंग पॉवर (साठ्यावर उचलता येणारी कर्जाची रक्कम) वाढते. मोह होतो. पण तो माल आपला नाही, आणि स्टॉक ऑडिटरने एक चलन मागितलं की प्रकरण चुकीवरून फसवणुकीवर जातं.

फ्री इश्यू माल आणि बर्रीचा हिशेब

हा माल बँक गॅरंटी, हमीपत्र किंवा विमा घेऊनच दिला जातो. हिशेब वजनाचा असतो, नगाचा नाही. समजा १०० किलो बार आला, तयार भाग ३८ किलोचा, कापलेले तुकडे १४ किलो. उरलेली ४८ किलो बर्री कागदावर दाखवता आली पाहिजे. इथे शेड्स हमखास अडकतात, कारण सीएनसीखालच्या कन्व्हेयरमध्ये साध्या स्टीलची बर्री मिसळते, कूलंटने वजन वाढतं, आणि शनिवारी भंगारवाला सगळं एकत्र उचलतो. या कामासाठी मशीन आधी साफ करून घ्यावं, बर्री वेगळ्या ड्रममध्ये, तेल निथळून वजन, आणि ड्रमवर हीट नंबरची (धातूच्या ओतणीच्या क्रमांकाची) पाटी. कटिंग लॉस किती मान्य हे करारात आधी लिहून घ्या. बँडसॉच्या प्रत्येक कापात दीड-दोन मिलिमीटर जातात. बार जाड आणि कापं जास्त असतील तर ते वजन दुर्लक्ष करण्याजोगं राहत नाही. रिजेक्ट झालेला भागही फेकायचा नाही. तोही त्यांचाच. लाल रंग मारून कपाटात ठेवायचा आणि परत करताना पावती घ्यायची.

गॅरंटीचा खर्च किमतीत धरायला विसरू नका. ५० लाखांच्या गॅरंटीवर बँकेने २० टक्के मार्जिन मागितलं तर १० लाखांची ठेव प्रकल्प संपेपर्यंत अडकते, वर दर तिमाहीला कमिशन. मुदत वाढली की कमिशनही वाढतं, आणि विकासाच्या कामात मुदत वाढतेच.

टूलिंग

पॅटर्न-फिक्श्चरची वेगळी ओळ लावून पैसे घेतले तर ते टूलिंग पैसे देणाऱ्याचं. पीस रेटमध्ये मुरवलं तर तुमचं. दुसरा मार्ग मोहक दिसतो, पण १२ लाखांचं टूलिंग ४०० नगांवर मुरवलं, नगामागे ३ हजार, आणि १५० नगांनंतर डिझाइन बदललं, तर साडेचार लाख वसूल आणि साडेसात लाख डोक्यावर. विकासाच्या टप्प्यात डिझाइन बदलणं हा अपवाद नसतो. इथे मालकीचा हट्ट सोडून वेगळी ओळ लावणंच शहाणपणाचं. उत्पादनाची पक्की ऑर्डर आली की मग टूलिंगचा दुसरा संच स्वतःच्या पैशाने करावा.

सरकारी पॅटर्न सांभाळायचा खर्च कुणी देत नाही. लाकडी पॅटर्न बेळगावच्या पावसात ओल धरतो, फुगतो, मग मे महिन्यात आकसतो. दोन पावसाळ्यांनंतर त्यावर ओतलेल्या कास्टिंगचं माप विश्वासाचं राहत नाही आणि जबाबदारी सांभाळणाऱ्यावर येते. अॅल्युमिनियम किंवा रेझिनचा पॅटर्न सुरुवातीला महाग, पण या कामासाठी तोच मागा. प्रकल्प संपल्यावर ९० दिवसांत उचलावा, नंतर साठवणुकीचं भाडं, अशी ओळ करारात घालता येते.

एएस ९१०० किंवा आयएसओ ९००१ ही गुणवत्ता मानकं असलेल्या शेडला नोंदींची नवी पद्धत शोधायची गरज नाही. दोन्हींतलं कलम ८.५.३ ग्राहकाच्या मालमत्तेबद्दलच आहे: ओळख, तपासणी, सांभाळ, हरवलं-मोडलं तर कळवणं. हत्तरगीच्या एसईझेडमुळे एरोस्पेसची ही शिस्त जिल्ह्यात आलेलीच आहे. तेच रजिस्टर, फक्त जीएफआर-२२ चे रकाने जोडायचे.

परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना अमेरिकन कलम भेटतं. तिथल्या संघीय खरेदी नियमांत खर्च-भरपाईच्या करारात कंत्राटदाराने घेऊन भरून घेतलेल्या उपकरणाची मालकी सरकारची होते; निश्चित किमतीच्या करारात, ते उपकरण स्वतंत्र सुपूर्द करायची बाब नसेल तर, कंत्राटदाराची राहते. पेटंटबाबत १९८० च्या बे-डोल कायद्याने लहान उद्योगांना आणि विद्यापीठांना मालकी दिली, सरकारने बिनरॉयल्टी वापर आणि मार्च-इन राखलं. त्यांचा एक गुण घेण्याजोगा: उपकरणाच्या मालकीचं कलम ठरावीक क्रमांकाचं, प्रत्येक करारात एकाच जागी सापडणारं. आपल्याकडे पाटी कन्नडमध्ये, हिशेब मराठीत, करार इंग्रजीत, आणि मालकी चार ठिकाणी विखुरलेली.

चाचण्या, कॉलेज आणि शिनोळी

चाचण्यांचा खर्च जवळजवळ प्रत्येक अर्जात कमी धरलेला असतो. इलेक्ट्रिकल भाग असेल तर जेएसएस ५५५५५ च्या पर्यावरण चाचण्या, ईएमआयसाठी (विद्युतचुंबकीय व्यत्यय) मिल-एसटीडी-४६१. प्रोटोटाइप एक नव्हे, पाच संच धरा: दोन पात्रता चाचणीत, एक टिकाऊपणाच्या चाचणीत, एक सुपूर्द करायला, एक राखीव. चाचणीत मोडलेले नगही हिशेबात राहतात. २०२० च्या संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजनेत ४०० कोटींची तरतूद आणि ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण भर उत्तर प्रदेश व तमिळनाडूच्या संरक्षण कॉरिडॉरवर होता. बेळगाव दोन्हींत नाही. म्हणजे नग घेऊन पुणे किंवा बेंगळुरू, आणि महामार्ग ४८ वरची वाहतूक खर्चात.

शहरात गोगटे, केएलई आणि व्हीटीयूसारख्या संस्था असल्याने जोडीदार शोधणं सोपं आहे. उपकरण कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवणार असाल तर नोंद कुणाच्या रजिस्टरात हे सामंजस्य करारात लिहा, नाहीतर वार्षिक पडताळणीत ते दोन्हीकडे दिसतं किंवा कुठेच नाही.

उद्यमबागेत शेड आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यात शिनोळीला दुसरं युनिट, ही आपल्या भागातली नेहमीची रचना. सरकारी फिक्श्चर मशिनिंगसाठी तिकडे पाठवणं म्हणजे आंतरराज्य हालचाल. जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत ५० हजारांखाली असली तरी ई-वे बिल लागतं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ खाली जॉबवर्कला दिलेला माल १ वर्षात, भांडवली वस्तू ३ वर्षांत परत यायला हव्यात. साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल्स यांना ही ३ वर्षांची मुदत नाही. चलनावर "सरकारी मालमत्ता, विक्रीसाठी नाही" असं आणि नोंदवहीतला क्रमांक टाका. करारात कामाचं ठिकाण म्हणून फक्त बेळगावचा पत्ता असेल, तर आधी प्रयोगशाळेची लेखी परवानगी. पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्याला वस्तू जागेवर दिसली नाही की तिला हरवलेली म्हणायला त्याला दुसरं कारण लागत नाही.

शेवटचं पत्र शेवटच्या हप्त्याआधी मागायचं. प्रकल्प बंद करताना मार्ग साधारण तीन: वस्तू परत नेणं, घसरलेल्या किमतीला तुम्हाला देणं, किंवा पुढच्या उत्पादनासाठी तुमच्याकडेच उसनी ठेवणं. तिन्हींना मंजुरी देणाऱ्याची सही लागते. अंतिम अहवाल आणि यूसी सादर करतानाच प्रस्ताव जोडा, कारण फाइल तेव्हा उघडी असते आणि दोन्ही बाजूंना ती बंद करायची असते. पत्रात प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर हवा. "सर्व उपकरणे" असं मोघम लिहिलेलं पत्र बँकेच्या ऑडिटरसमोर टिकत नाही.